आजोळी आलेले रेडमाइन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जपानमध्ये सत्तेचाळीस प्रांत आहेत. लोकसंख्येच्या हिशेबाने त्यात शेवटून दुसरा लागतो तो शिमाने. तरुण मुले शिकून ओसाका-टोकियोकडे निघून जातात आणि मागे म्हातारी माणसे उरतात, ही आपल्या कोकणाच्या ओळखीची कथा तिथेही आहे. या प्रांताचे मुख्य शहर मात्सुए. वस्ती दोन लाखांच्या आसपास, शेजारी शिंजी नावाचे मोठे सरोवर आणि १६११ सालचा लाकडी किल्ला. लाफकॅदिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये इंग्रजीचा मास्तर म्हणून इथे आला, इथल्याच मुलीशी त्याने लग्न केले आणि पुढे कोइझुमी याकुमो हे जपानी नाव घेऊन तो जपानचाच झाला. परदेशी पाहुण्याला आपलेसे करून घेण्याची या गावाला जुनी सवय आहे म्हणायची.

या मात्सुएत २००८ मध्ये फार एंड टेक्नॉलॉजीज नावाची एक छोटी कंपनी सुरू झाली. तिचा मुख्य धंदा ऐकला तर आपण बुचकळ्यात पडू. रेडमाइन नावाची एक संगणक प्रणाली आहे. एखाद्या कामात कोणी काय करायचे, किती झाले, कुठे अडले, याची ती सामायिक नोंदवही. झां-फिलिप लांग या फ्रेंच माणसाने ती लिहिली आणि २००६ मध्ये जगापुढे ठेवली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे कोणीही फुकट उतरवून घ्यावी, वापरावी, बदलावी. मात्सुएची कंपनी हीच फुकटची वस्तू जपानी कार्यालयांना मासिक शुल्क घेऊन वापरायला देते.

श्रोतेहो, साहजिकच प्रश्न पडतो की जी वस्तू रस्त्यावर फुकट मिळते तिच्यासाठी शहाणी माणसे पैसे का मोजतात? याचे उत्तर शोधायचे तर चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

संगणक जन्मला इंग्रजीच्या घरात. सव्वीस अक्षरे, थोडी विरामचिन्हे, दहा आकडे, एवढ्यात त्याचा संसार भागत होता. जपानी माणसाला मात्र दोन वर्णमाला लागतात, आणि शिवाय चीनमधून आलेली हजारो चित्राक्षरे, ज्यांना तो कांजी म्हणतो. सुरुवातीच्या काळात जपानी संगणकांनी यातून पळवाट काढली आणि फक्त काताकाना या सोप्या वर्णमालेवर भागवले. बिले, पावत्या, नावे सगळे काताकानात. आपल्याकडे कोणी वर्तमानपत्र नुसत्या बाराखडीत, एकही जोडाक्षर न वापरता छापावे, तसे ते वाचणाऱ्याला वाटत असणार. बँकेतल्या पैशांच्या हस्तांतरणात खातेदाराचे नाव काताकानात देण्याची पद्धत त्या काळाची खूण म्हणून पुढे दीर्घकाळ टिकून राहिली.

१९७८ साल या बाबतीत महत्त्वाचे. त्या वर्षी जपानच्या औद्योगिक मानकांत कांजीची पहिली अधिकृत यादी आली. तिच्यात ६,३४९ चित्राक्षरांना एकेक क्रमांक मिळाला. त्याच वर्षी तोशिबा कंपनीने जेडब्ल्यू-१० हे पहिले जपानी शब्दलेखन यंत्र जाहीर केले. वजन २२० किलो आणि किंमत ६३ लाख येन! पण या धुडाच्या पोटात एक फार मोठी कल्पना होती. माणसाने उच्चार टंकायचा आणि यंत्राने त्यावरून योग्य चित्राक्षर शोधायचे.

हे ऐकायला सोपे वाटते, पण जपानीत समोच्चारी शब्दांचा सुकाळ आहे. त्यासाठी तिथले लोक एक गमतीचे वाक्य सांगतात : ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता.’ अर्थ असा की, आपल्या कंपनीचा बातमीदार आगगाडीने कचेरीत परतला. आपली कंपनी, बातमीदार, आगगाडी आणि कचेरीत परतणे, चारही गोष्टींचा उच्चार ‘किशा’ आणि चारही वेगळ्या कांजीत लिहायच्या. यंत्राला व्याकरण कळल्याशिवाय हे जमणार कसे?

हे एक संकट. दुसरे त्याहून चमत्कारिक, कारण ते माणसांनी स्वतः ओढवून घेतलेले होते. अक्षरांची यादी एक झाली, तरी ते क्रमांक यंत्रात साठवण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. घरगुती संगणकांवर शिफ्ट-जिस, विद्यापीठांतल्या युनिक्स यंत्रांवर ईयूसी आणि टपालासाठी तिसरीच. एका रीतीने लिहिलेला मजकूर दुसऱ्या रीतीने उघडला, की पडद्यावर भुताटकी उमटे. जपानीत याला ‘मोजिबाके’ म्हणतात. बाके म्हणजे रूप पालटणे, आणि भुतांना ‘ओबाके’ म्हणतात ते याच शब्दावरून. देवनागरीचे जुने फॉन्ट ज्यांनी वापरले, एका कचेरीतला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडून कपाळाला हात लावला, त्यांना हे भूत ओळखीचे वाटेल.

शिफ्ट-जिसची एक खोड तर सांगण्याजोगी आहे. तिच्यात बहुतेक अक्षराला दोन अंक लागतात. काही अक्षरांचा दुसरा अंक नेमका उलट्या तिरप्या रेघेच्या अंकाशी जुळतो. परदेशी प्रणालीच्या लेखी ही रेघ म्हणजे ‘पुढच्या अक्षराचा अर्थ वेगळा घे’ असा हुकूम. बिचारी प्रणाली तो हुकूम मानते आणि वाक्याचे तुकडे होतात. अशा घातकी अक्षरांत काताकानातला ‘सो’ येतो. आणि जपानीत ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द लिहायचा तर सुरुवात त्याच ‘सो’ने करावी लागते!

आता विकतच्या परदेशी प्रणालीत अशी खोड निघाली तर ग्राहकाने कंपनीला पत्र लिहायचे आणि वाट पाहायची. आतला मजकूरच, म्हणजे प्रणालीचा स्रोत, त्याच्या हाती नसे. युनिक्सच्या जगात मात्र तो बऱ्याचदा हाती असे, आणि इथे जपानी विद्यापीठांतली मंडळी कामाला लागली.

१९८४ मध्ये जुन मुराई यांनी टोकियोतल्या विद्यापीठांचे संगणक जोडून ‘जुनेट’ हे जाळे सुरू केले. सुरुवातीला त्यावर जपानी माणसे एकमेकांना रोमन लिपीत नाहीतर इंग्रजीत पत्रे लिहीत. मग मुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालाची ती तिसरी रीत बसवली. परदेशी यंत्रांमधून जाताना अक्षरांचा आठवा बिट गळून पडे, म्हणून सातच बिटांत मावेल अशी ती रचना होती. ती १९९३ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदली गेली.

याच दशकाच्या मध्यात क्योटो विद्यापीठ, पुढे ओमरॉन म्हणून ओळखली गेलेली तातेइशी कंपनी आणि आस्टेक यांनी मिळून उच्चारावरून कांजी शोधणारी प्रणाली युनिक्ससाठी लिहिली. एकेक शब्द करत बसण्यापेक्षा अख्खे वाक्य एका दमात बदलता यावे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. त्यासाठी त्यांनी परीक्षेचे वाक्य ठरवले : ‘वाताशी नो नामाए वा नाकानो देस’, माझे नाव नाकानो. या वाक्यातल्या वाताशी, नामाए आणि नाकानो यांची रोमन आद्याक्षरे जुळवून प्रणालीचे नाव पडले, आणि त्याचा उच्चार ‘उन्नू’ असा करू लागले. तिचा स्रोत खुला होता. पुढे निप्पॉन इलेक्ट्रिक कंपनीनेही ‘कान्ना’ ही आपली प्रणाली अशीच मोकळी करून टाकली.

पण खरी शिकवण देऊन गेली ती ईमॅक्सची कथा. ईमॅक्स हे रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त प्रणालींच्या चळवळीतले मजकूर लिहिण्याचे साधन. त्सुकुबा इथल्या सरकारी विद्युत-तंत्र प्रयोगशाळेत केनइची हांदा नावाचे संशोधक होते. १९८७ मध्ये त्यांनी ईमॅक्सला जपानी शिकवले. पण हे शिकवणे म्हणजे मूळ कापडाला बाहेरून लावलेले ठिगळ होते. अमेरिकेत ईमॅक्सची नवी आवृत्ती निघाली, की ठिगळ उसवून पुन्हा नव्याने शिवायचे. नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघाली तर दोनदा शिवायचे. शिवणारा माणूस थकला, त्याची बदली झाली, की जपानी वापरणारे सगळे मागच्या आवृत्तीवर अडकून पडले. स्थानिक आवृत्ती काढणे त्या मानाने सोपे असते. ती वर्षानुवर्षे जिवंत ठेवताना दम निघतो, आणि ते काम कोणाला दिसतही नाही.

हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वेगळा विचार केला. जपानीपुरते ठिगळ लावण्याऐवजी कोणतीही लिपी मावेल असा पायाच त्यांनी नव्याने रचला. त्याला नाव दिले ‘म्यूल’. चिनी, कोरियन, थाई, अरबी अशा लिपी त्यात आल्या. १९९७ मध्ये ईमॅक्सची विसावी आवृत्ती निघाली, तिच्यात म्यूल मुळातच सामावून घेतले गेले. ठिगळाचे कापड झाले. आणि मंडळी, त्या आवृत्तीत देवनागरीही होती. जगातल्या भाषांमधले अभिवादन दाखवणारी एक धारिका ईमॅक्ससोबत येते, तिच्यात ‘नमस्कार’ होता. देवनागरीचे ते काम जपानी माणसाने केलेले होते.

गोष्ट इथेच थांबत नाही. त्याच संस्थेच्या वारसांनी पुढे अनेक भाषांच्या लेखनासाठी एक सामायिक संग्रह बांधला. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, उच्चारानुसारी असे कळफलक-नकाशे आहेत. लिनक्सवर मराठी टंकताना बऱ्याच जणांच्या पडद्यामागे हा त्सुकुबाचा संग्रह काम करत असतो. आपल्याला त्याची कल्पनाही नसते. असो.

लिनक्सचे प्रकरण जपानमध्ये थोड्याफार याच वळणाने गेले. १९९३ च्या सुमारास हौशी लोकांनी स्लॅकवेअर या अमेरिकी संचावर चढवायची जपानी पुरवणी तयार केली. पुढे त्यातून पूर्ण जपानी संच निघाले. टर्बोलिनक्स हा त्यातला बाजारात गाजलेला. खोक्यात घालून दुकानात विकायचा, सोबत छापील जपानी पुस्तिका, विकतचे चांगले फॉन्ट आणि एटॉक ही नामांकित लेखनप्रणाली. ग्राहक पैसे देत होता ते मुख्यतः या सोबतच्या गोष्टींचे. पण मूळ लिनक्स आणि त्यावरच्या प्रणाली स्वतःच जपानी शिकल्या, तसे त्या खोक्याचे कारण उरले नाही. कंपनी २००२ मध्ये एसआरए या टोकियोच्या कंपनीकडे गेली आणि २००४ मध्ये तिथून लाइव्हडोअरकडे.

एसआरए हे नाव आले म्हणून त्यांच्याच एका माणसाबद्दल सांगतो. तात्सुओ इशिई. पोस्टग्रेस ही कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात उगवलेली विदासंचय सांभाळणारी प्रणाली. साध्या भाषेत, लाखो नोंदींचे कपाट. या कपाटात जपानी नोंद ठेवली तर शोधताना अर्धे अक्षर कापले जाई. इशिई यांनी अनेक अंकी अक्षरे समजून घेणारा भाग लिहिला आणि हांदांचा धडा त्यांना ठाऊक असावा तसे वागले. १९९८ मध्ये तो भाग सरळ मूळ पोस्टग्रेसमध्ये गेला. शिफ्ट-जिसची ती तिरप्या रेघेची खोड माहीत असल्यामुळे पोस्टग्रेसने एक शहाणपणाचा नियम ठेवला आहे. बाहेरून येणारा मजकूर शिफ्ट-जिसमध्ये असला तरी चालेल, दारातच त्याचे रूपांतर होईल, पण कपाटाच्या आत त्या रीतीने काही साठवता येणार नाही. म्हणजे चपला बाहेर काढून घरात यायचे!

१९९९ मध्ये जपानच्या पोस्टग्रेस वापरणाऱ्यांची संघटना उभी राहिली. जगात इतरत्र मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीचा बोलबाला असताना जपानमध्ये बरीच वर्षे पोस्टग्रेसचे नाव अधिक ऐकू येई. २००५ मध्ये एसआरएने फक्त मुक्तस्रोत प्रणालींचा आधार विकणारी वेगळी कंपनीच काढली. रात्री दोन वाजता कपाट उघडेनासे झाले तर जपानी भाषेत दूरध्वनी उचलणारा, आणि आवश्यक तर कपाटाचे मूळ नकाशे दुरुस्त करण्याची पात्रता असणारा माणूस, ही तिची विक्रीची वस्तू.

आता आपण मात्सुएला परत जाऊ, पण त्याआधी एका भाषेची ओळख हवी. ही भाषा म्हणजे संगणकाला सूचना देण्याची. युकिहिरो मात्सुमोतो या तरुणाने १९९३ मध्ये ती रचायला घेतली. पर्ल, म्हणजे मोती या अर्थाच्या उच्चाराची एक भाषा तेव्हा जोरात होती. म्हणून गमतीने हिचे नाव ठेवले रूबी, माणिक. डिसेंबर १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. पहिली काही वर्षे रूबीबद्दलची चर्चा, माहिती, पुस्तके बहुतेक सगळी जपानीत होती. उलटाच प्रकार! एरवी जपानी माणूस इंग्रजीच्या दारात उभा असतो, इथे इंग्रजी माणसांना जपानी वाचता येईना. २००० मध्ये डेव्ह थॉमस आणि अँडी हंट यांचे इंग्रजी पुस्तक आले तेव्हा पश्चिमेला वाट मोकळी झाली. मात्सुमोतो तोवर मात्सुएच्या एका कंपनीत नोकरीला लागले होते. जगात नाव झाल्यावरही त्यांनी ते शहर सोडले नाही.

२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने रूबीवर उभी असलेली ‘रेल्स’ ही संकेतस्थळे बांधण्याची चौकट प्रसिद्ध केली आणि रूबी एकदम जगभर झाली. फ्रान्समधल्या लांग यांनी रेडमाइन लिहिले ते याच चौकटीवर. म्हणजे नाते पाहा. रूबी मात्सुएची लेक, परदेशी सासरी गेली, आणि तिचे फ्रेंच लेकरू रेडमाइन आजोळी परतले.

योगायोग असा की २००६ मध्ये, ज्या वर्षी रेडमाइन आले त्याच वर्षी, मात्सुए नगरपालिकेने रूबीच्या नावाने शहराचा उद्योग वाढवायचे ठरवले आणि रेल्वे स्टेशनसमोर मुक्तस्रोत प्रणालींसाठी एक खुली प्रयोगशाळा उघडली. एवढ्याने शिमानेतून बाहेर जाणारी तरुण मुले थांबली असे मी म्हणणार नाही. लोकसंख्येचा ओघ इतक्या सहज वळत नाही. पण कारखान्याला जमीन नि करसवलत देण्यापलीकडे एखाद्या नगरपालिकेने एका प्रोग्रॅमिंग भाषेवर गावाची ओळख उभी करावी, हे धाडसाचे होते. मात्सुमोतोंना २००९ मध्ये शहराचे मानद नागरिकत्वही मिळाले.

फार एंड ही कंपनी या हवेत वाढली. आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. रेडमाइन फुकट आहे, पण ते चालवायला सर्व्हर हवा, त्यावर रूबी, रेल्स आणि विदासंचय यांची एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांत मांडणी हवी, रोज रात्री प्रत काढून ठेवायला हवी, सुरक्षेची भोके बुजवायला हवीत. वीस माणसांच्या कारखान्यात हे करणार कोण? शिवाय आपली माहिती दूर समुद्रापार ठेवायला अनेक जपानी कार्यालये नाखूश असतात. त्यांना सर्व्हर देशात हवा, पावती येनमध्ये हवी, प्रश्नाचे उत्तर जपानीत आणि जपानी कामाच्या वेळेत हवे. कंपनी ते सगळे करते. त्याखेरीज जपानीतली माहिती ती सर्वांसाठी उघडी ठेवते, पैसे न देणाऱ्यांसाठीसुद्धा.

तिच्या संस्थापकाने तर रेडमाइनवर जपानीत पुस्तक लिहिले आणि पुढे तो मूळ रेडमाइनमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या लोकांत जाऊन बसला. जपानी ग्राहकाला अडलेली गोष्ट दुरुस्त झाली, की ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली जाते. तिथे स्वीकारली गेली तर ब्राझीलमधल्या वापरणाऱ्यालाही मिळते. २०१९ पासून कंपनी ‘रेडमिका’ नावाची स्वतःची आवृत्तीही काढते. ठिगळाची जुनी भानगड पुन्हा सुरू होईल अशी शंका येईल, पण मूळ रेडमाइनमध्ये तयार असलेल्या सुधारणा लवकर लोकांच्या हाती द्याव्यात हा तिचा मुख्य हेतू आहे.

या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९९ मध्ये अमेरिकेत सोर्सफोर्ज नावाची सेवा निघाली होती. मुक्तस्रोत प्रकल्पांना फुकट जागा देणारी ती धर्मशाळा. चालवणारी व्हीए लिनक्स ही कंपनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाजारात उतरली, तेव्हा ३० डॉलरचा समभाग पहिल्याच दिवशी २३९ डॉलरवर बंद झाला होता. तो फुगा पुढे फुटला. तिच्या जपानी शाखेने २००२ मध्ये तीच धर्मशाळा जपानी भाषेत, जपानमधल्या सर्व्हरवर उघडली. इंग्रजीत आपले काम मांडायला बिचकणाऱ्या प्रोग्रॅमरना हक्काची जागा मिळाली. हजारो प्रकल्प तिथे राहिले. २०१५ मध्ये तिचे नाव बदलून ओएसडीएन झाले, २०२३ मध्ये ती एका चिनी कंपनीकडे गेली, आणि मग सेवा वरचेवर बंद पडू लागली. ज्यांनी आपल्या कामाच्या प्रती दुसरीकडे ठेवल्या होत्या ते निघून गेले. ज्यांचे सर्वस्व तिथेच होते त्यांची धावपळ झाली. वीस वर्षांचा पत्रव्यवहार, तक्रारींच्या नोंदी, जुन्या आवृत्त्या. यांतले किती मागे राहिले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शेवटी एक लहानशी गोष्ट सांगून थांबतो. रेडमाइनमध्ये प्रत्येक भाषेची एक धारिका असते. बटणांवरचे शब्द, तारखा लिहिण्याची पद्धत वगैरे तिच्यात असते. जपानी धारिकेत एक ओळ अशी आहे की, कामांची यादी एक्सेलमध्ये उघडण्यासाठी बाहेर काढली तर ती शिफ्ट-जिसच्या मायक्रोसॉफ्ट रूपात काढावी. रेडमाइन स्वतः आतून युनिकोड वापरते, त्याला त्या जुन्या रीतीची काही गरज नाही. पण जपानी कचेरीतला कारकून यादीवर दोनदा टिचकी मारतो, एक्सेल उघडते, आणि ती ओळ नसती तर त्याला समोर मोजिबाके दिसले असते. ही ओळ मात्सुएच्या सर्व्हरवर वेगळी चिकटवलेली नाही. कोणीही मूळ रेडमाइन उतरवून घेतले, तरी ती त्यात असतेच.